उरलं ते माहं

बस, सिंधू. त्या भिंतीले टेकून नोको बसू, इकडं माह्याजवळ ये. स्टँडावर न्यायचा टांगा याले अजून येळ आहे, तुहे बाबा सांगून आले आहेत त्याले. लाईन गेली तं जाऊ दे. खामगावात लाईन जाणं काही नवं आहे काय? कंदील आहे ना. जरा वात वर कर. हाव, बस.

तू सकाळपासून एकच इचारून राह्यली, आई, बाळंतपणाले माहेरी आणलं अन् आता एकदम अकोल्याच्या दवाखान्यात काऊन धाडून राह्यली. रुसून बसली तू. दुपारी जेवली बी नाही. रुस बापा, पण आधी ऐकून घे.

गोष्ट तशी साधीच होती. परवा मी बाजारातून चुना अन् त्यात कालवाले पिवळी माती, पिवडी आणली. लेक बाळंतपणाले आली, तं मधली खोली तेवढी रंगवून घ्यावं म्हणलं. हैदर रंगवाल्याले बलावलं अन् दारातच बजावलं, "हैदर, पट्टा एकच मारून दाखव. एकाच रंगाचा. दुसरा नोको मारू."

तो हासला. "चाची, लोकं चार-चार पट्टे मारून पाहतात. तुम्ही एकाले बी घाबरता?"

"एकाले नाही घाबरत रे," मी म्हणलं.

काऊन म्हणलं, ते तुले आज सांगते. तुह्या गीतामावशीची गोष्ट तुले माहीत आहे, पण अर्धी.

आमची माय मी रांगत होती तवाच गेली. हिवऱ्याकडच्या खेड्यात आमचं घर, बाबा दिवसभर वावरात. मले वाढवलं ते आक्कानं, तुह्या गीतामावशीनं. ती बी पोरगीच होती, पण मले कडेवर घेऊन घेऊन तिची चाल एका बाजूनं कलली होती. घरात काही बी येवो, पेरू येवो का काकणं, ती दोन हातांत दोन धरे अन् माह्यापुढं करे. "तू घे आधी. उरलं ते माहं." दरवेळी हेच. एकदा बाबानं मेहकरच्या बाजारातून पोलक्याचे दोन तुकडे आणले. दोन्ही पिवळे. एक जरासा फिका, एक जरासा गडद, उन्हात नेऊन पाहावं तवा फरक दिसे. मी अर्धा दिवस हे घेऊ का ते घेऊ करत बसली, अन् ती चुलीपुढं बसून हासे. शेवटी मी फिका घेतला. तवाच तिनं दुसरा उचलला. तिले कोणता पायजे होता हे मी इचारलं नाही. कोणीच तिले कधी काही इचारलं नाही व.

मंग तिचं लग्न झालं अन् ती या घरात आली, तुह्या बाबाची पहिली बायको म्हणून. लय वर्षं कूस उजवली नाही. कोणाचं लेकरू दिसलं की ती धावून घे, इतकी हौस. अन् उजवली तं काय, दिवस भरता भरता त्या मधल्या खोलीत गेली. पोटातलं पोटातच राह्यलं. भिमाबाई दाई मले मांगून सांगे, "जीव जाता जाता तिले पान्हा फुटला होता व कोकिळे. पोलकं चिंब झालं होतं. प्याले कोणी नाही अन् दूध वाहून राह्यलं." ते ऐकून मी कितीकदा उशीत तोंड खुपसून रडली असन.

वर्षाच्या आत बाबानं मले याच घरात दिली. बायको गेली की साळी आणायची, ही रीतच होती, त्यात मले कोण इचारते? तुही आजी गोजरबाई, तिनं देव्हाऱ्यात आक्काचा चांदीचा टाक बसवला अन् पहिल्याच दिवशी सांगितलं, "नवं लुगडं, नवं काकण, घरात नवं काही बी येवो, आधी थोरलीच्या टाकापुढं ठेवायचं. तिनं घेतलं असं समजायचं, मंग आपण घ्यायचं." दुसरेपणावर आलेल्या बायांले हे जाचाचं वाटते. मले गोड वाटे. जल्मभर तिनं मले आधी दिलं, आता मी तिले देऊन राह्यली. दोन लुगडे आले की दोन्ही टाकापुढं ठेवो अन् म्हणो, "आक्का, आता तू घे आधी. उरलं ते माहं." अन् मंग वाट पाहत बसो. कशाची, ते मले बी माहीत नव्हतं. पण चांदी काय बोलते?

बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते म्हणतात. ती खोली ओलांडून घरात येऊ नये म्हणून तुह्या आजीनं उंबऱ्यात खिळे ठोकले होते. मी ते एकेक करून उपटून टाकले. बहिणीच्या वाटेत कोणी खिळे ठोकते काय? सारी आळी त्या खोलीले भिये, अन् मी दाराशी जाऊन उभी राहो. यावं तिनं. एकदा यावं, डोक्यावरून हात फिरवावा, 'कोके' म्हणून हाक मारावी. मले दुसरं काही नोको होतं. इतकी आठवण ये मले तिची.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मले दिवस होते. पोट असं मोठं की बसलं तं उठवेना. माहेरी बाईमाणूस कोणी नाही, म्हणून बाळंतपण इथीच ठरलं, त्याच खोलीत. ती आधी रंगवून घ्यायची म्हणून तुह्या बाबानं हबीबभाईले बलावलं. या हैदरचा बाप तो. त्यानं दोन डब्यांत रंग कालवला. चुना एकच, सरस एकच, फक्त एकात पिवडी चिमूटभर जास्त. आतल्या भिंतीवर शेजारी-शेजारी परातीएवढे दोन पट्टे मारले अन् म्हणे, "भाभी, गीला आहे तवरक दोन्ही गहरेच दिसतीन. सुकू द्या. मंग पाहून सांगा, कोणता मारू."

सुकल्यावर पाहते तं एक दुधात हळद टाकल्यासारखा, अन् एक गाईच्या चिकासारखा. फरक म्हणशील तं आहे, नाही म्हणशील तं नाही. मी इकडून पाहो, तिकडून पाहो, खिडकी उघडून पाहो, लावून पाहो. माह्यानं काही निवडवेना. तुह्या बाबाले इचारलं तं ते म्हणे, "दोन्ही पिवळेच आहेत ना? मंग मार कोणताही." गड्यांचं काय व, त्यायले काय दिसते?

तुही आजी मात्र दारातून आत आली नाही. तिथूनच म्हणली, "थोरलीले दाखवलं काय? घरात नवा रंग येऊन राह्यला अन् तिले इचारलं नाही."

माह्या मनानं एकदम उडी मारली. लुगडं असो का भिंत, नवं ते नवं. मी दोन वाट्यांत दोन्ही रंग घेतले, डोक्यावरून पदर घेतला, अन् त्या जड पोटानं कशीबशी टाकापुढं वाकली. "आक्का," म्हणलं, "दोन आहेत. दोन्ही सारखेच. तू घे आधी. उरलं ते माहं."

इतकंच बोलली. दरवेळी बोलायची तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं. डावीकडचा पट्टा, तो हळदीच्या दुधाचा, तसाच कोरडा. उजवीकडचा, चिकाच्या रंगाचा, ओला. आत्ताच कुंचा फिरवल्यासारखा ओला.

हबीबभाई म्हणे भिंतीत सील आहे. ओल कुठची? आतली भिंत, पल्याड ना मोरी ना माठ. बाहेर असं ऊन की सडकेवरचं डांबर चपलीले चिकटे. त्यानं पट्टा खरवडला, पुन्हा मारला. दुपारी पाहतो तं तिथी तसाच ओला, अन् खालून एक बारीक ओघळ उतरून राह्यला. तो दोन पावलं मांगं सरला. "भाभी... हा तुकडा मी नाही छेडत. बाकी सारी खोली मारून देतो."

"हाव," मी म्हणलं. "तो तुकडा राहू द्या. तो तिचा आहे."

सिंधू, तुले कसं सांगू मले किती आनंद झाला! आक्कानं उत्तर दिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हबीबभाईनं सारी खोली हळदीच्या दुधाच्या रंगानं रंगवली अन् चिकाच्या रंगाचा तेवढा तुकडा तसाच सोडला. मी म्हणलं, तिनं तिचं घेतलं, मले माहं भेटलं. वाटणी झाली. मी येडी. एवढ्यावर वाटणी होते काय?

त्या दिवसापासून मी दुपारी तिथीच निजो. मिलचा भोंगा होऊन गेला की आळीत चिटपाखरू नाही राहत. कुत्रे बी नालीत जाऊन पडतात. मी चटईवर पडून त्या ओल्या तुकड्याकडं पाहत राहो. पहिले वास आला. रंगाचा नाही. ओवा अन् शेपा निखाऱ्यावर टाकल्यावर येते ना, बाळंतिणीच्या धुरीचा, तो. खोलीत शेगडी नाही, घरात बाळंतीण नाही. मंग काकणं वाजली. हळू... लेकराले थोपटताना वाजतात तशी. थोडा येळ वाजे, थांबे, पुन्हा वाजे.

मी भ्यायले पायजे होतं. नाही भ्याली. उठून बसली.

"आक्का... तूच काय व?"

काकणं थांबली.

मी सरकत सरकत गेली अन् त्या ओल्या तुकड्यावर हात ठेवला. मायबाई! भिंत गरम होती. अंगासारखी गरम. हात नाकाशी नेला, तं चुन्याचा वास नाही. दुधाचा. ताज्या, आईच्या दुधाचा वास. भिमाबाईचं बोलणं माह्या ध्यानात आलं अन् मी तिथीच भिंतीले कवटाळून रडली. प्याले कोणी नाही अन् वाहून राह्यलं... तिचं अजून वाहूनच राह्यलं होतं व.

माह्या कानाशी, भिंतीतून का माह्याच मनातून, देव जाणे, आवाज आला.

"तू घे... आधी..."

तिचाच आवाज. बरोबर तसाच. मी म्हणलं, काय घेऊ, आक्का? पण मंग काही नाही. नुसता तो वास.

त्याच आठवड्यात मी मोकळी झाली. तू झाली. भिमाबाई नाळ कापून वर पाहते तं म्हणते, "थांब, अजून एक आहे." दोघी! तुही आजी खोलीबाहेरून हरखून म्हणली, "आंधळा मागते एक डोळा, देव देते दोन!" साऱ्या घरात आनंद. अन् मी पडल्या पडल्या थंडगार पडली. दोन आहेत. दोन्ही सारखेच. तू घे आधी. हे शब्द बोलली तवा माह्या पोटात तुम्ही दोघी होत्या, अन् मी टाकापुढं वाकली होती.

तुले माहीत आहे तुह्यासंगं एक आली होती अन् ती गेली. कशी गेली हे माहीत नाही. आता ऐक.

तुम्ही दोघी सारख्याच. दोन-तीन दिवसांत दोघींचं अंग जरासं पिवळं पडलं, नव्या लेकरांले पडते तसं. भिमाबाई सकाळच्या कोवळ्या उन्हात धरे. उन्हात पाहिलं तं तू जराशी फिकी, ती जराशी गडद. मले दूध कमी. दोघी एकदम रडल्या की माहा जीव घाबरा होये, कोणाले आधी घेऊ? आजी म्हणे, "एकीले घे आधी, दुसरी दमधीर धरीन." मी हाताले आली तिले उचले. दरवेळी तू हाताले ये.

तुले पाजून दुसरीकडं वळो, तं ती निजलेली. रडून थकली असन म्हणून उचलो, छातीले लावो, ती तोंड फिरवे. पोट टम्म. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. मी तिले पाजलं नव्हतं, सिंधू. एकदाही पाजलं नव्हतं. अन् तुह्यापेक्षा ती भरून आली, गालाले खळी पडाले लागली. मी पाहो तं तिचं तोंड नेहमी त्या ओल्या तुकड्याकडं. तिकडं पाहून हासे.

मी कोणाले बोलली नाही. काय बोलू? मले वाटे, माय मरो मावशी जगो म्हणतात, इथी मावशी मरून बी पाजून राह्यली. पाजू दे. तिची हौस फिटू दे. एकीले मी पाजीन, एकीले ती. दोघी बहिणी मिळून दोन लेकी वाढवू. खरंच असंच वाटे मले. किती बरं वाटे!

पाचवी पुजली. बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले. त्या दुपारी माहा डोळा लागला. झोपेतच काकणं ऐकली, धुरीचा वास आला, अन् डोक्यावरून कोणीतरी हात फिरवला. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाह्यली, तोच हात. "कोके," म्हणली. "तू घेतली ना? उरली ते माही."

जागी झाली. तू माह्या कुशीत. ती दुसरी दुपट्यावर निजलेली, ओठावर दुधाचा थेंब, गालाले खळी. हात लावला तं गार.

घरात आकांत झाला. आजी छाती पिटून म्हणे, अळवंतिणीनं नेली. मी उठली अन् आधी भिंत पाह्यली. तो तुकडा वाळला होता. खडखडीत. चिकाचा रंग उडून बाकीच्या भिंतीसारखाच झाला होता, कुठी होता हे सापडे बी ना.

लोकं म्हणे, कोकिळा रडत काऊन नाही. मी रागावू तरी कोणावर? जल्मभर तिनं उरलेलं घेतलं, या बारीले बी उरलेलंच घेतलं. तिनं काही हिसकलं नाही. पण माही छाती भरून ये अन् दुखे, त्या पोरीच्या वाटचं दूध कुठी नेऊ? मी दुपारी त्या भिंतीशी जाऊन बसो. म्हणो, आक्का, नेली तं नेली, एक बार आवाज तरी येऊ दे दोघींचा. काकणं तरी वाजव. काही नाही. ना वास, ना आवाज. पोरगी गेली ते गेली, पण आक्का बी गेली व. तुह्या वयाइतकी वर्षं झाली, मी एक दुपार चुकवली नाही.

आता तुह्यावर येते.

त्या दिवशी नर्सबाईनं तुह्या पोटाले नळी लावली अन् म्हणली, ठोके दोन ऐकू येतात. तू हासली. मी चूल पेटवाच्या निमित्तानं उठून गेली. तरी मनाले समजावलं, जे झालं ते माह्या बोलण्यानं, या बारीले काही बोलली नाही म्हणजे झालं. म्हणून हैदरले एकच पट्टा सांगितला. काल त्यानं एकच मारला. माह्यापुढं मारला, अन् दिवस बुडायच्या आत वाळला.

आज सकाळी दार उघडलं, तं भिंतीवर दोन आहेत.

हैदर आईची शपथ खाऊन सांगते, मी मारला नाही. त्यानं कशाले मारावं? डबा बी एकच आहे त्याच्यापाशी. दुसरा पट्टा जरासा गडद आहे. चिकाच्या रंगाचा. ओला आहे. मी हात लावून पाह्यला, सिंधू... गरम आहे.

पहिलं मले काय वाटलं सांगू? रागावशील. आनंद झाला. आली माही आक्का, असं वाटलं. मंग तुह्या पोटाची आठवण झाली. तवाच तुह्या बाबाले टांगा सांगाले धाडलं. तू या घरात बाळंत होणार नाहीस. या घरात तुह्या लेकरांची वाटणी होणार नाही.

अन् मी टाक घेतला, मधल्या खोलीत गेली, त्या दोन पट्ट्यांपुढं उभी राह्यली. म्हणलं, "आक्का, या बारीले सिंधू घेते आधी. दोन्ही तिचे आहेत. उरलं ते तुहं." अन् घरात उरते कोण? मीच ना?

 पाह्य, माह्या पदराले हात लाव. घाबरू नोको, लाव. दुपारपासून पोलकं कितीकदा बदललं, पुन्हा ओलं. या वयात! तू झाली तवा बी मले इतका पान्हा नव्हता.

घुंगरं वाजले काय? आला टांगा. ऊठ. हळू. माहा हात धर... हाव, इथवरच. मी नाही येत, तुहे बाबा आहेत संगं. त्यायले काही सांगू नोको, म्हण, आईले बरं वाटत नाही. दोन्ही लेकरांले नीट घेऊन ये घरी. उंबरा ओलांडताना मांगं पाहू नोको, अन् कंदील नोको नेऊ, मले लागते.

रडू नोको व. मी काय एकटी आहे?

ऐक... नाही, तुले नाही येणार ऐकू. मधल्या खोलीतून... ती पोरगी लय येळची रडून राह्यली. आक्काच्या काकणांनं बी थांबेना. इतकी वर्षं मी तिले एकदाही पाजलं नाही.

जा तू. मले तिच्याकडं जाऊ दे.